शेवटच्या माणसाचा होकार : मेंढा (लेखा) गावाच्या नेतृत्वाचा प्रकरण अभ्यास

प्रसंग

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव आहे. घरं शंभराच्या आसपास. शेती थोडी, जंगल भरपूर. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. याच जिल्ह्यातलं मर्दा आणि मेंढा ही असा हक्क मिळवणारी देशातली पहिली गावं. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात गावानं दावा तयार केला, तो खालच्या समितीपासून जिल्ह्याच्या समितीपर्यंत नेला आणि मान्य करून घेतला.

हक्क कागदावर आला, पण गावाला बांबू विकता येईना. या कायद्यात गौण वनउपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंच्या, व्याख्येतच बांबूचं नाव घातलेलं आहे आणि गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क गावाचा आहे. तरी बांबू गाडीत भरून गावाबाहेर काढायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो. तिकडे सगळे त्याला ‘टीपी’ म्हणतात. तो द्यायला वनविभाग तयार नव्हता. विभागानं आधार घेतला १९२७ च्या भारतीय वन कायद्याचा. त्या कायद्यात बांबू ‘झाड’ या व्याख्येत बसवलेला होता, आणि झाड म्हटलं की मालकी सरकारची.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनउपज असल्याचं स्पष्ट केलं. २७ एप्रिल २०११ ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. परवाना देण्याचा अधिकारच गावाकडे आला. पुढच्या हंगामात बांबूच्या विक्रीतून ग्रामसभेकडे कोटीच्या घरातली रक्कम जमा झाली.

ही गोष्ट बहुधा कायद्याच्या विजयाची किंवा एका मंत्र्याच्या धडाडीची म्हणून सांगितली जाते. मला ती नेतृत्वाची वाटते. हातावर पोट असलेलं गाव, समोर वर्षानुवर्षं जंगलावर हुकूम चालवलेला विभाग. विभागाशी जमवून घेऊन थोडाबहुत बांबू काढण्याची वाट अशा वेळी नेहमीच खुली असते. तरी गाव एका मागणीवर उभं राहिलं. त्याला उभं कुणी ठेवलं? गावाचे कारभारी म्हणून देवाजी तोफा यांचं नाव देशभर गेलं आहे. पण देवाजींच्या स्वभावातले चार गुण सांगून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी जवळजवळ तीस वर्षं मागे जावं लागतं.

धरण गेलं, पुढे काय?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या भागावर दोन मोठ्या धरणांचं सावट होतं, इचमपल्ली आणि भोपालपटनम. धरणं झाली असती तर आदिवासींची गावं आणि प्रचंड जंगल पाण्याखाली गेलं असतं. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ असं म्हणत आंदोलन उभं राहिलं. आदिवासींचे नेते लाल श्यामशाह आणि समाजसेवक बाबा आमटे यांच्यासारखी माणसं त्यात होती. लोक पायी मोर्चाला गेले. सरकारला प्रकल्प बाजूला ठेवावे लागले. या आंदोलनातूनच ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा गावागावांत पोचली.

आंदोलन जिंकल्यावर बहुतेक ठिकाणी काय होतं हे आपण पाहत आलो आहोत. मोठे नेते पुढच्या लढ्याकडे जातात, लोक आपापल्या कामाला लागतात, घोषणा भिंतीवर राहते. मेंढ्यातल्या काही तरुणांनी मात्र घोषणेचा शब्दशः अर्थ लावायला घेतला. गावात आपलं राज्य म्हणजे नेमकं काय? निर्णय कोण घेणार, कसा घेणार, आणि आज तो कोण घेतो? देवाजी त्या तरुणांतले एक.

त्याच सुमारास मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्यात आले. जयप्रकाशजींच्या चळवळीतून घडलेला, विनोबांच्या विचारांचा हा चंद्रपूरकडचा कार्यकर्ता होता. सगळ्यांच्या संमतीने निर्णय घेणारं गाव त्यांना शोधायचं होतं, अशा गावाकडून शिकायचं होतं. मोहनभाऊंनी तिथे जे केलं नाही, ते मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांनी गावात संस्थेची इमारत उभारली नाही, योजना आणली नाही, गावाच्या वतीने सरकारदरबारी बोलण्याचं काम अंगावर घेतलं नाही. निर्णयाच्या बैठकीत बाहेरच्या माणसाचं मत चालणार नाही, ही मर्यादा त्यांनी स्वतःवर घालून घेतली. ते अभ्यासात सामील झाले, निर्णयात नाही. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले, तोवर या मर्यादेत राहूनच त्यांनी गावाला साथ दिली.

बाहेरून आलेला शहाणा, तळमळीचा माणूस गावाचं भलं करता करता गावातल्या माणसांची वाढ कशी खुंटवतो, याची उदाहरणं महाराष्ट्रात कमी नाहीत. तोच अर्ज लिहितो, तोच कलेक्टरला भेटतो, आणि वीस वर्षांनी तो थकला की गावात अर्ज लिहिणारा कुणी उरत नाही. मेंढ्यात हे टळलं.

अभ्यास वेगळा, निर्णय वेगळा

मेंढ्याच्या पद्धतीत दोन बैठका आहेत आणि त्यांची सरमिसळ होत नाही. एक ग्रामसभा, दुसरी अभ्यासगट.

ग्रामसभेत निर्णय होतात, तेही सर्वसहमतीनेच. मतदान नाही, बहुमत नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. घरटी पुरुष आणि बाई दोघांनीही यावं, असा आग्रह सुरुवातीपासून धरला गेला. गावात कुठल्याही खात्याला काही काम करायचं असेल तर त्याने ग्रामसभेपुढे येऊन सांगायचं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा अशी रोजच्या व्यवहारात उतरली.

अभ्यासगटात कुणीही येऊ शकतो. गावातला, बाहेरचा, अधिकारी, संशोधक. विषय कोणताही: जंगलाचा कायदा, मध, पाणी, मासे, दारू, पंचायत. तिथे नुसती चर्चा होते, ठराव होत नाही. त्यामुळे हरण्या-जिंकण्याचा प्रश्न येत नाही. ग्रामसभेत एखाद्याने आज विरोध केला आणि उद्या मत बदललं तर त्याला माघार घेतल्यासारखं वाटू शकतं. अभ्यासगटात मत बदलणं म्हणजे शिकणं. माझ्या मते मेंढ्याच्या नेतृत्वाची खरी शाळा हीच.

मधाचं उदाहरण घ्या. आग्या मोहोळ उतरवायचं तर मशाली पेटवून माश्या जाळायच्या, पोळं पिळायचं, ही जुनी रीत. अभ्यासगटात मधमाश्यांचे जाणकार येत गेले, चर्चा झाल्या आणि माश्या न मारता, पोळ्याचा मधाचाच भाग कापून घेण्याची पद्धत गावातल्या तरुणांनी आत्मसात केली. पुढे तेच इतरांना शिकवायला जाऊ लागले. शिकणारा शिकवणारा झाला की त्याच्या बोलण्याला गावात वजन येतं. निवडणूक न लढवता पुढारपण येण्याचा हा एक मार्ग.

सहमतीचा नियम पुढाऱ्याचं काय करतो

बहुमतात पुढाऱ्याला निम्म्याहून एक माणूस जास्त हवा असतो. म्हणून तो आपल्या बाजूच्यांकडे लक्ष देतो आणि कुंपणावरच्यांना ओढतो. ठाम विरोध करणाऱ्याशी बोलण्यात वेळ घालवायची त्याला गरज नसते. सहमतीत उलटं घडतं. नव्वद घरं तयार असली तरी पुढाऱ्याला ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं. तो का नाही म्हणतो, त्याची भीती कशाची, त्याच्या पोटावर पाय येतो का, हे समजून घ्यावं लागतं. पुष्कळदा असं दिसतं की त्याने प्रस्तावातलं खरंच एक भोक पाहिलेलं असतं. मग प्रस्ताव बदलतो. हे पुनःपुन्हा करावं लागलं की माणसाला ऐकायची सवय लागते. नेतृत्वाच्या शिबिरांत ऐकण्यावर व्याख्यानं होतात. मेंढ्याच्या नियमात ऐकल्याशिवाय कामच पुढे सरकत नाही.

दारूचा प्रश्न या कसोटीवर पाहण्याजोगा आहे. गोंड समाजात मोहाच्या दारूला देवाधर्मात स्थान आहे. दारूमुळे होणारी मारहाण आणि पैशांची नासाडी बायका सोसत होत्या, आणि विषय त्यांनीच लावून धरला. एका बैठकीत बंदीचा ठराव करून मोकळं होणं सोपं होतं. असे ठराव महाराष्ट्रातल्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या वहीत पडून आहेत. इथे पुरुषांचा होकार मिळेपर्यंत बोलणं चालू राहिलं, धार्मिक कामापुरती सवलत ठेवली गेली आणि मगच निर्णय झाला. वेळ बराच गेला. पण ज्याने होकार दिला तो नियम मोडताना दहा वेळा विचार करतो, कारण नियम त्याचाही असतो.

दुसरा प्रसंग घोटूलचा. तरुण मुलामुलींनी एकत्र येण्याची, शिकण्याची ही गोंडांची जुनी संस्था. ती पुन्हा उभारावी असं गावानं ठरवलं आणि जंगलातलं लाकूड आणून घोटूल बांधलं. वनविभागानं ते बेकायदा ठरवून पाडलं. या टप्प्यावर हाणामारी झाली असती तर प्रकरण पोलीस ठाण्यात संपलं असतं. मेंढ्यानं आसपासच्या गावांशी बोलणं सुरू केलं, आणि त्या गावांनीही घोटूल बांधायचं ठरवलं. एका गावाचं बांधकाम पाडता येतं, अख्ख्या परिसराचं पाडता येत नाही. शेवटी विभागाला नमतं घ्यावं लागलं. समोरच्याची ताकद जास्त असेल तेव्हा सहमतीचा परीघ वाढवायचा, हे गाव इथे शिकलं. बांबूच्या वेळी हेच कामी आलं.

बांबूची दोन वर्षं

आता मूळ प्रसंगाकडे. २००९ ते २०११ या काळात गावापुढे वाटा कोणत्या होत्या?

वनविभागाच्या कलाने घेऊन, विभागाच्याच नावाने बांबू काढायचा आणि मजुरी पदरात पाडून घ्यायची, ही सगळ्यांत सोपी वाट. लगेच रोजगार मिळाला असता. पण मालकी पुन्हा विभागाकडे आहे हे गावानेच कबूल केल्यासारखं झालं असतं. कोर्टात जायचं तर पैसा आणि वर्षं दोन्ही लागणार. परवान्याविना बांबू बाहेर काढून जप्ती आणि खटले ओढवून घेणं ही तिसरी वाट. अन्यायानं चिडलेल्या गावाला तीच पहिल्यांदा सुचते.

गावानं हक्काचा आग्रह धरून ठेवला. आमचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे, टीपी द्या. अधिकारी बदलले तरी मागणी बदलली नाही. हे करायला कायदा तोंडपाठ असावा लागतो, आणि तो एका-दोघांच्या नाही तर पुष्कळांच्या डोक्यात असावा लागतो. एकट्या पुढाऱ्याला कचेरीत बोलावून, चहा पाजून, दोन सवलती देऊन परत पाठवता येतं. ज्याच्या हातात ग्रामसभेला विचारल्याशिवाय हो म्हणण्याचा अधिकारच नाही, त्याच्याशी असा सौदा होत नाही. देवाजी तोफांची ताकद इथे होती. त्यांच्याकडे देण्यासारखं स्वतःचं काही नव्हतं. जे काही होतं ते ग्रामसभेचं होतं.

त्याच वेळी परीघ वाढत होता. वनहक्कावर काम करणारे कार्यकर्ते, अभ्यासक, पत्रकार मेंढ्यापर्यंत पोचले होते. त्यातले कितीतरी अभ्यासगटाच्या निमित्ताने वर्षानुवर्षं गावाशी जोडलेले. म्हणून प्रश्न दिल्लीत पोचला तेव्हा एका आडवळणाच्या गावाची तक्रार म्हणून त्याची बोळवण झाली नाही. मंत्र्यांचं पत्र आणि दौरा हे श्रेय ज्याचं त्याला द्यायलाच हवं. जयराम रमेश यांनी केंद्रातलं वनमंत्रालय स्वतःकडे असताना वन खात्याविरुद्ध भूमिका घेतली, ही साधी गोष्ट नव्हती. पण मंत्री आले तेव्हा परवान्याचं पुस्तक हातात घ्यायला आणि उद्यापासून ते चालवायला तयार असलेलं गाव तिथे होतं. २०१७ मध्ये १९२७ च्या कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला, तोवर मेंढा कित्येक हंगामांचा बांबू विकून बसलं होतं.

पैसा आल्यावर

बिकट परीक्षा इथून सुरू झाली असं मी मानतो. नकार एकजूट करतो, पैसा ती फोडतो. ग्रामसभेनं स्वतःच्या नावाने पॅन कार्ड काढलं, बँकेतून व्यवहार ठेवले, कर भरला. किती बांबू तोडायचा, कोणत्या बेटातला ठेवायचा, मजुरी किती, हे सगळं आता गावानंच ठरवायचं होतं. पूर्वी विभागाचा माणूस नियम मोडणाऱ्याला पकडायचा. आता जास्त तोड करणारा शेजारी होता आणि अडवणाराही शेजारीच. हिशेब लिहायला शिकलेली तरुण मुलं लागली, आणि अशी दुसरी पिढी कारभारात आली. घोषणा देणाऱ्या पिढीपेक्षा हिचं काम कमी देखणं, पण अधिक अवघड.

२०१३ मध्ये गावानं आणखी मोठं पाऊल टाकलं. १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली गावकऱ्यांनी आपली खाजगी शेतजमीन ग्रामसभेच्या मालकीची केली. कसणं आपापल्या कुटुंबाकडे, मालकी गावाची, म्हणजे जमीन गावाबाहेरच्या कुणाला विकली जाणार नाही. विनोबांच्या काळातला हा कायदा महाराष्ट्रात जवळजवळ विस्मरणात गेला होता. सातबाऱ्यावरचं नाव सोडायला शेतकरी तयार होतो, यामागे किती बैठका झाल्या असतील याचा अंदाज गावात वाढलेल्या कुणालाही येईल. सरकारच्या बाजूने मात्र ग्रामदानाची अंमलबजावणी वर्षानुवर्षं रखडली, आणि गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं दार ठोठावावं लागलं.

जिथे शंका उरतात

या पद्धतीवरचे आक्षेप टाळून हा अभ्यास पुरा होणार नाही. सहमती हळू चालते. पूर, साथ, तातडीचा दावा अशा वेळी तो वेळ नसतो. एकटा हटवादी माणूस अख्ख्या गावाला अडवून धरू शकतो. याहून गंभीर धोका उलट्या बाजूचा आहे: अडवण्याची ज्याची हिंमतच नाही, त्याचं गप्प राहणं होकार म्हणून मोजलं जाऊ शकतं. गरीब घरातली सून ग्रामसभेत ‘नाही’ म्हणू शकते का, ही या नियमाची खरी कसोटी. अभ्यासगटामुळे हा धोका कमी होतो, संपत नाही. मेंढ्यावर जे काही छापून आलं आहे त्यात ठळक नावं बहुतेक पुरुषांचीच आहेत. दारूबंदीपासून बायकांनी केलेलं काम त्यात समूह म्हणून येतं, माणूस म्हणून क्वचित.

दुसरी शंका नावाचीच. जो पुढारी आयुष्यभर ‘ग्रामसभेला विचारा’ म्हणत आला, त्याच्याच नावाने गाव ओळखलं जातं. पुरस्कार, परिषदा, मुलाखती एकाच चेहऱ्याकडे जातात. देवाजींच्या पिढीनंतरच्या कारभाऱ्यांना ही ओळख सावली देईल की झाकून टाकेल, याकडे मी काळजीने पाहतो.

मेंढ्यानंतर गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. कोरची तालुक्यातल्या गावांनी महाग्रामसभा, म्हणजे अनेक ग्रामसभांची एकत्र सभा, उभी केली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं बांबूचा कारभार स्वतःकडे घेऊन सहमतीचीच वाट धरली. वनहक्काच्या प्रशिक्षणांत मेंढ्याचे दाव्याचे कागद, ठरावाचा मसुदा आणि विक्रीची पद्धत शिकवली जाते. अभ्यासगट क्वचितच शिकवला जातो, कारण त्यातून तिमाहीच्या अहवालात लिहिण्यासारखं काही निघत नाही. नव्या गावात या कामाला लागणाऱ्या कार्यकर्त्याने पहिलं वर्ष अभ्यासगटातच घालवावं, दावा दुसऱ्या वर्षी दाखल केला तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.